काकूंचं रिमिक्स

'बॉम्बे व्हायकिंग्ज' हे नाव आठवतंय का मैत्रिणींनो? नाव मुंबईचं, पण ग्रुप जमला तो थेट स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला, १९९४ साली. गायक नीरज श्रीधर. १९९९मध्ये त्यांचा 'क्या सूरत है' आला आणि जुनी हिंदी गाणी, मध्येच इंग्रजी ओळी, खाली धाडधाड ठेका असं ते मिश्रण घरोघरच्या टेपरेकॉर्डरवर जाऊन बसलं. मग २००२मध्ये 'हवा में उडती जाए', २००४मध्ये 'छोड दो आंचल'. गाण्यातल्या जाणकारांनी नाकं मुरडली. जुन्या गाण्यांची वाट लावली म्हणाले. म्हणू देत! आमच्या सिडकोतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये या कॅसेटींनी जे केलं, ते त्यांनी कुठे पाहिलंय?

२००३मध्ये मी तिथे बायकांसाठी एरोबिक्सचा क्लास घ्यायचे. दुपारी तीन ते चार. वेळ मुद्दामच तशी. धुणीभांडी आवरलेली, मुलं शाळेतून यायची असतात. तेव्हा गाव औरंगाबादच होतं, छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३मध्ये झालं. बारा-पंधरा जणी यायच्या. काही साडीचा पदर खोचून, काही पिशवीत पंजाबी ड्रेस घेऊन. घरी साडीच चालायची, म्हणून हॉलवर येऊन बदलायच्या. इंग्रजी गाणी लावली की हातपाय हलत, पण चेहरे दहावीच्या परीक्षेला बसल्यासारखे. आणि 'हवा में' लागलं की साठी ओलांडलेल्या काकूही मोजणं सोडून नाचायला लागत. कारण गाणं त्यांचंच होतं ना! १९४९च्या 'बरसात'मधलं, शंकर-जयकिशनचं, लताबाईंनी गायलेलं. रेडिओवर ऐकत मोठ्या झालेल्या त्या.

यात एक गंमत आहे. आपली कितीतरी जुनी गाणी केरव्यात आहेत, म्हणजे आठ मात्रा. एरोबिक्सचा हिशेबही आठाचाच. पण जुनं गाणं सगळ्या वादकांनी एकत्र बसून वाजवलेलं. त्याची लय किंचित चढते, किंचित उतरते. ऐकायला तेच गोड लागतं, नवशिक्या पावलांना मात्र अवघड. रिमिक्समध्ये लय कॉम्प्युटरने बांधलेली. मिनिटाला साधारण १२० ठोके धरले, तर शेवटपर्यंत तेवढेच. लग्नानंतर वीस वर्षांत न नाचलेली बाई एक पाऊल चुकली, तरी पुढच्या ठोक्याला गाडी पकडते.

खरं तर यातल्या बऱ्याच गाण्यांना रिमिक्स म्हणणंच चूक. त्यात मूळ आवाज नसायचाच, गाणं नव्याने गायलेलं असायचं. मूळ रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीचं. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात एक वाट होती. गाणं निघून दोन वर्षं झाली, की नोटीस देऊन आणि रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेता यायचं. या वाटेनेच कॅसेटींचा पूर आला. २०१२च्या दुरुस्तीने ती अरुंद केली. आता पाच वर्षं थांबायचं, किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरायची आणि मूळ गाण्यात विनाकारण बदल करायचा नाही. 

मला स्वतःला चिड यायची ती व्हिडिओंची. १९४९चं गाणं बाई स्वतःच्या दुपट्ट्याबद्दल गाते. व्हायकिंग्जच्या कॅसेटवर 'उडता'चं 'उडती' झालं आणि गाणारा झाला पुरुष. एका काना-वेलांटीत बाई गाणारी होती ती बघण्याची वस्तू झाली! मग २००२मध्ये 'कांटा लगा' आलं. मूळ गाणं १९७२च्या 'समाधी'तलं, लताबाईंचं, संगीत आर. डी. बर्मन यांचं. पण लोकांच्या डोळ्यांपुढे राहिली ती व्हिडिओतली शेफाली जरीवाला. २०२५च्या जूनमध्ये ती ४२व्या वर्षी गेली, तेव्हाही बातम्यांत तिची ओळख 'कांटा लगा गर्ल' हीच.

त्या व्हिडिओची झळ आमच्या हॉलपर्यंत आली. 'असल्या गाण्यांवर नाचायला जातेस?' म्हणून दोघींचं येणं बंद झालं. एकीच्या सासूबाई चौथ्या दिवशी स्वतः हॉलवर आल्या. खुर्ची ओढून बसल्या, अख्खी कॅसेट ऐकली आणि म्हणाल्या, 'अगं, ही तर आमची गाणी! त्याला काय कळतंय?' दुसऱ्या दिवशी सून हजर. दुसरी मात्र परत आलीच नाही. पुढे कधी गुलमंडीवर भेटली, तर भाजीची पिशवी सावरत दुसरीकडे बघायची. तिचा ठेका सगळ्यांत पक्का होता.

त्यानंतर आम्ही दोन नियम केले. हॉलचे पडदे लावायचे. आणि गाण्याआधी मूळ सिनेमा, गायिका, संगीतकार यांची नावं सांगायची, कारण कॅसेटवर ती क्वचितच ठळक दिसायची. बायका मला 'आकाशवाणी' म्हणायच्या! २०१८मध्ये लतादीदींनी रिमिक्सबद्दल जाहीर नाराजी लिहिली, त्यातही मूळ कवी-संगीतकारांचं श्रेय हिरावलं जातं हेच दुखणं होतं. वाचून मी मनात म्हटलं, आमच्या हॉलमध्ये तरी तसं झालं नाही हो दीदी.

आणि हळद! आमच्याकडे लग्नात पूर्वी वरातीत नाचायचे ते पुरुष. बायकांनी कडेने बघायचं, फार तर फुगडी. क्लासमधल्या काकूंनी २००४मध्ये एका हळदीला 'छोड दो आंचल'वर फेर धरला. १९५७च्या 'पेइंग गेस्ट'मधलं, किशोरदा आणि आशाताईंचं. नवरेमंडळी आधी गप्प, मग टाळ्या. पाठोपाठ वैशाली सामंत, अवधूत गुप्ते यांचं 'ऐका दाजीबा' लागलं आणि मराठीवरही पाय थिरकले. त्यानंतर ओळखीतल्या प्रत्येक हळदीला आमच्या काकूंना खास बोलावणं असायचं.

कॅसेटची दुकानं गेली, माझा क्लासही कधीच बंद झाला. आता मी झुंबाला जाते, मागच्या रांगेत. समोरची मुलगी ब्लूटूथवर २०१८चं 'दिलबर' लावते. मूळ १९९९च्या 'सिर्फ तुम'मधलं, अलका याज्ञिक, नदीम-श्रवण, हे मी शेजारणीला धापा टाकत सांगतेच. ती म्हणते, 'काकू, आधी श्वास घ्या!'