गॉगल घेताना आधी यूव्ही, मग पोलराइज्ड
काच पोलराइज्ड आहे म्हणजे डोळे सुरक्षित, असं नाही! पोलराइज्ड काच पाणी, ओला रस्ता, गाडीचं बॉनेट यांवरची चकाकी अडवते. अतिनील किरणांसाठी ‘यूव्ही ४००’ वेगळं बघायलाच हवं. ते नसलेली काळी काच घातक ठरू शकते, कारण तिच्यामागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण जास्त आत शिरतात.

✅ लॅपटॉपच्या स्क्रीनसमोर गॉगल धरून हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी पडली, तर काच खरंच पोलराइज्ड.
✅ कडक उन्हाला गडदपणाची कॅटेगरी ३ पुरे. ती ८ ते १८ टक्केच प्रकाश आत सोडते. कॅटेगरी ४ घालून गाडी चालवू नका.
✅ खरे रंग हवेत तर राखाडी काच, उठाव हवा तर तपकिरी.

समुद्रावर जाणाऱ्यांनी, दिवसभर गाडी चालवणाऱ्यांनी पोलराइज्डसाठी जादा पैसे जरूर मोजावेत. बाकीच्यांना चांगला यूव्ही ४०० गॉगल पुरतो.