वाटेचे पथ्य

गतवर्षीच्या भाद्रपदातील गोष्ट. उत्सवाचा चौथा दिवस होता. कीर्तनाचा उत्तररंग संपत आला असता मंडपाच्या दाराशी एक चाकाची खुर्ची येऊन थांबली. खुर्चीत माझ्या जुन्या श्रोत्यांपैकी एक आजी होत्या आणि मागे घामाने निथळणारा त्यांचा नातू उभा होता. आरती आटोपल्यावर मी जवळ जाऊन उशिराचे कारण विचारले. आजी हसून म्हणाल्या, "बुवा, देव चार मिनिटांवर आहे असं हा फोन म्हणाला हो. पण त्या चार मिनिटांत अकरा पायऱ्या होत्या!"

पायऱ्यांपाशी पोचल्यावर त्यांना माघारी वळावे लागले. दुसऱ्या गल्लीत पदपथाची कड इतकी उंच, की खुर्चीची पुढली लहान चाके तिच्यावर चढेनात. अखेर हमरस्त्याने, मोटारी आणि रिक्षांच्या गर्दीतून, वळसा घालीत ही मंडळी आली. चार मिनिटांच्या वाटेस पाऊण तास लागला, आणि तोवर कथा संपली होती.

त्या रात्री माझ्या मनात एकच विचार घोळत राहिला. नातवाचा फोन खोटे बोलला नव्हता. चालत जाणाऱ्यास सर्वांत जवळची वाट कोणती, असे त्यास विचारले गेले आणि त्याने अचूक उत्तर दिले. चूक उत्तरात नव्हती, प्रश्नात होती. 'चालणारा' म्हणजे धडधाकट पायांचा, पायऱ्या चढणारा, कड ओलांडणारा मनुष्य, हे त्या यंत्राने गृहीत धरले होते.

संस्कृतात 'पथिन्' या शब्दापासून 'पथ्य' हा शब्द सिद्ध होतो. वाटेपासून न ढळलेले ते पथ्य, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे वैद्यकाने तो आपलासा केला आणि आपण त्याचा संबंध केवळ अन्नाशी लावू लागलो. पथ्याचे मर्म असे, की ते रोग्यागणिक वेगळे असते. एकास जे हितकर ते दुसऱ्यास बाधते. अन्नाचे हे पथ्य पुन्हा वाटेस लावावे, या दिशेने गेल्या काही वर्षांत जगातील अनेक अभ्यासक झटत आहेत. संगणकाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या एका तरुण श्रोत्याने मला हा विषय समजावून दिला. तो वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखप्रपंच.

फोनमधील वाटाड्या वाट शोधतो कशी, हे प्रथम पाहू. १९५६ साली हॉलंडमधील एड्सगर डाइक्स्ट्रा नावाचे तरुण गणिती आपल्या वाग्दत्त वधूसह ॲमस्टरडॅम शहरी बाजारहाट करून थकले आणि कॉफी घेण्यासाठी एका उपाहारगृहात बसले. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला जाण्याची सर्वांत जवळची वाट कशी काढावी, या प्रश्नाची रीत त्यांना तेथे वीसेक मिनिटांत सुचली. १९५९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. आजचे पुष्कळसे मार्गशोधक सॉफ्टवेअर तिच्याच वंशातले आहे.

रीत समजण्यास सोपी आहे. प्रत्येक चौक म्हणजे एक बिंदू, दोन चौकांमधील रस्ता म्हणजे एक रेषा. प्रत्येक रेषेवर एक अंक लिहावयाचा, त्यास आपण 'भार' म्हणू. ज्या वाटेवरील भारांची बेरीज सर्वांत कमी, ती वाट निवडावयाची. यातील गंमत अशी, की हा अंक कशाचा आहे याची त्या रीतीस पर्वा नसते. अंतर लिहिले तर जवळची वाट निघते, वेळ लिहिला तर लवकर पोचवणारी निघते, आणि श्रम लिहिले तर सुसह्य वाट निघते. म्हणजे आजींसाठी नवे शास्त्र शोधण्याचे कारण नाही. भार बदलले की पुरे.

चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्यांचा भार अनंत धरावा, म्हणजे ती वाट निवडलीच जाणार नाही. खडी, चिखल, उखडलेल्या फरश्या यांचा भार वाढवावा. चढाचा भार तो किती तीव्र आहे त्यावरून ठरवावा. येथे एक प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. खुर्चीसाठी बांधावयाच्या उताराची मर्यादा आपल्याकडील आणि अमेरिकेतील नियमांत १:१२ अशी आहे. एक फूट उंची चढण्यास किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. देवापुढील चौथरा दीड फूट उंच असेल तर अठरा फुटांचा उतार लागतो. मंडपाशी चार फुटांची फळी टेकवून आपण ज्यास सोय म्हणतो, ती खुर्चीसाठी घसरगुंडीच ठरते.

अमेरिकेतील सिॲटल हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 'ॲक्सेसमॅप' नावाचा मार्गदर्शक सिद्ध केला. त्यात चढ किती सोसेल आणि उतार किती सोसेल, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जातात. सुदृढ मनुष्यास हा भेद सुचणार नाही. परंतु खुर्ची वर ढकलण्यास दंडात बळ लागते आणि खाली नेताना ती आवरून धरावी लागते. एकच गल्ली जाताना एक असते आणि येताना दुसरी होते. तेथील मंडळींनी आणखी एक उणीव हेरली. जुन्या नकाशांत रस्ता म्हणजे मधोमध काढलेली एकच रेघ असे. मोटारीस ती पुरते. परंतु पदपथ डाव्या अंगास आहे की उजव्या, आणि रस्ता नेमका कोठे ओलांडता येतो, हे त्या रेघेवरून कळत नाही. म्हणून त्यांनी पदपथ आणि ओलांडण्याच्या जागा नकाशात स्वतंत्र रेघांनी मांडण्याचे काम हाती घेतले.

भार बदलावयाचे म्हटले, तरी ते बदलू कोणास दिले जातात? पुष्कळशा कंपन्यांचे सॉफ्टवेअर कुलूपबंद पोथीसारखे असते. वाचून दाखवतील तेवढे ऐकावयाचे. याउलट मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची पोथी उघडी असते. ती कोणीही वाचावी, उतरून घ्यावी, आपल्या गरजेनुसार तीत भर घालावी, अशी मुभा कर्त्यांनीच लेखी दिलेली असते. 'ग्राफहॉपर' नावाचे असेच एक मार्गशोधक सॉफ्टवेअर आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील अभ्यासकांनी त्याचा गाभा घेऊन, त्यात फेरफार करून 'ओपनरूटसर्व्हिस' उभारली आणि मोटार व सायकल यांच्या जोडीस चाकाच्या खुर्चीचा स्वतंत्र विभाग ठेवला. कड ३ सेंटिमीटरपर्यंत चालेल, ६ पर्यंत की १०. चढ शेकडा ३, ६, १० की १५. वाट किमान किती रुंद हवी. हे सारे तेथे सांगता येते. हे पथ्याचे कोष्टकच नव्हे काय?

आता खरी अडचण. कोष्टक तयार झाले, पण कड किती उंच आहे हे सांगणार कोण? २००० सालच्या फेब्रुवारीत 'एंडेव्हर' या अवकाशयानाने अकरा दिवसांच्या फेरीत पृथ्वीवरील बहुतांश भूभागाची उंची मोजली. त्या मोजणीतील एकेक ठिपका सुमारे ३० मीटरांचा आहे. डोंगर त्यात दिसतो, परंतु आजींना अडवणारी वीतभर उंचीची कड दिसत नाही. ती पाहण्यास मनुष्यानेच तेथवर चालत गेले पाहिजे.

हे चालण्याचे काम 'ओपनस्ट्रीटमॅप' या नकाशाचे स्वयंसेवक करतात. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी हा उपक्रम आरंभिला. यात कोणीही आपल्या गावचा रस्ता, पायऱ्या, कड, उतार यांची नोंद करू शकतो आणि ती नोंद सर्वांस मोफत वापरता येते. बर्लिनच्या मंडळींनी २०१० साली याच नकाशावर 'व्हीलमॅप' उभारून, कोणत्या वास्तूत खुर्ची जाते आणि कोणत्या वास्तूत जात नाही, हे हिरव्या, पिवळ्या व तांबड्या रंगांनी दाखवले.

आणि जेथे नोंदच नाही तेथे काय करावे? मला यातील सर्वांत कठीण प्रश्न हाच वाटला. नोंद नाही म्हणजे अडथळा नाही असे धरले, तर तिन्हीसांजेस कोणी एकटा जीव पायऱ्यांपुढे अडकेल. नोंद नाही म्हणजे वाट नाही असे धरले, तर जाता येण्याजोगी वाट असूनही तो घरी बसेल. म्हणून वाटाड्यास 'आहे' आणि 'नाही' यांखेरीज 'ठाऊक नाही' असे म्हणता आले पाहिजे, आणि ते प्रवाशास निघण्यापूर्वीच कळले पाहिजे.

पथ्य केवळ खुर्चीचेच नसते. दृष्टिहीनास पायऱ्यांचे भय कमी, मोकळ्या मैदानाचे अधिक. कारण तेथे काठीस धरावयास कडच नसते. जपानमध्ये सेइची मियाके यांनी १९६५ साली पायास जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरश्या शोधल्या आणि १९६७ साली त्या ओकायामा शहरी प्रथम बसवल्या गेल्या. आज अशा फरश्यांचीही नोंद या नकाशात करता येते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१८ साली 'साउंडस्केप' नावाचे ॲप काढले होते. ते आसपासच्या जागा त्या त्या दिशेने येणाऱ्या आवाजात कानी सांगत असे. २०२३ साली कंपनीने ते बंद केले, परंतु बंद करताना त्याची पोथी उघडी केली. तीवरून इतरांनी नवी ॲप घडवली. दुकान बंद झाले, विद्या उरली. ज्ञानदान म्हणतात ते हेच.

आता आपल्याकडे वळू. दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांचा कायदा आपल्या देशात २०१६ साली झाला आणि सार्वजनिक जागा सर्वांस सुगम असाव्यात, असे तो सांगतो. तथापि उत्सवाच्या दिवसांत आपणच रस्त्यावर मंडप घालतो, कमानी उभारतो, बांबूंचे अडसर लावतो. वर्षभर मोकळी असलेली वाट दहा दिवस बंद होते. हायडेलबर्गच्या सेवेत 'हा भाग टाळा' असे नकाशावर आखून सांगण्याची सोय आहे. प्रत्येक मंडळाने आपल्या मंडपाची जागा आखून दिली, तर त्या दहा दिवसांपुरती निर्वेध वाट शोधता येईल. घरोघरच्या तरुणांसही काम आहे. 'स्ट्रीटकंप्लीट' नावाचे मुक्तस्रोत ॲप आपण उभे असू तेथील साधे प्रश्न विचारते. येथे किती पायऱ्या? कठडा आहे का? कड उतरती आहे का? दर्शनास जाता-येता दहा उत्तरे दिली, तरी कोणाची तरी वाट उजळेल.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. वळसा दाखवणारे यंत्र मिळाले म्हणून पायऱ्यांशेजारी उतार बांधण्याच्या कर्तव्यातून आपली सुटका होत नाही. उलट, कोणती एक कड उतरती केली असता सगळी पेठ खुली होईल, हे असा नकाशाच दाखवतो. वळशाची नोंद हा अडथळ्याचा पुरावाही असतो.

आजींच्या नातवाने या वर्षी आषाढापासून तीन मित्रांसह घर ते मंडप हा सारा परिसर मोजपट्टी घेऊन पायी पालथा घातला आणि नोंदी केल्या. चार मिनिटांच्या वाटेऐवजी एकवीस मिनिटांची वाट निघाली. तीत एकही पायरी नाही. उत्सवाच्या पहिल्या दिवशी मी पूर्वरंगाचे नमन करावयास उभा राहिलो, तेव्हा आजी पहिल्या रांगेच्या कडेला येऊन बसल्या होत्या.