किरण लागलेला कांदा



उन्हाळ कांदा चाळीत भरला, की आपल्या वैजापूर-गंगापूरकडच्या शेतकऱ्याच्या मनात एकच हिशेब सुरू होतो. भाव चढेपर्यंत हा माल टिकेल काय? पावसाळा सरता सरता कांद्याला कोंब फुटू लागतात, आणि कोंब आलेल्या कांद्याला बाजारात कोण विचारतो? यावरचा एक उपाय आपल्या शेजारीच, नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावी उभा राहिला. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली तेथे ‘कृषक’ नावाचे केंद्र सुरू केले. त्याची रीत अशी, की नीट सुकवलेल्या कांद्यावर कोबाल्ट-६० या पदार्थाचे गॅमा किरण सोडायचे. त्यामुळे कोंब येणे थांबते.

पण ‘अणू’ हा शब्द कानी पडला, की माणसाला हिरोशिमा आठवते. मग घरातली बाई विचारते, “किरण लागलेला कांदा पोरांना कसा घालू? तो स्वतःच किरण सोडू लागला तर?” प्रश्न अगदी रास्त आहे. आणि त्याचे उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे. अणूच्या रचनेचा जो धडा मुले परीक्षेपुरता पाठ करतात, त्यात ते दडलेले आहे.

अणूच्या मधोमध केंद्रक असते. त्यात धनभारित प्रोटॉन आणि भार नसलेले न्यूट्रॉन एकमेकांना घट्ट धरून असतात. केंद्रकाच्या बाहेर ऋणभारित इलेक्ट्रॉन असतात. केंद्रकाचा हा शोध रदरफर्ड यांनी १९११ साली मांडला. आता केंद्रक केवढे म्हणाल, तर अणू शंभर मीटर लांबीच्या मैदानाएवढा मानला, तर केंद्रक मधोमध ठेवलेल्या राजगिऱ्याच्या दाण्याएवढे होईल. तरीही अणूचे जवळजवळ सारे वजन त्या दाण्यातच!

जुन्या वाड्याला ओसरी असते आणि आत बळद असते, तसेच हे समजा. इलेक्ट्रॉन ही ओसरी, केंद्रक हे बळद. सरपण जळते, लोखंड गंजते, दूध विरजते, हा सारा ओसरीवरचा व्यवहार. बळदाला त्याचा पत्ताही लागत नाही. किरणोत्सार मात्र बळदातून होतो. १८९६ साली बेकेरेल यांना दिसले, की काळ्या कागदात गुंडाळलेली छायाचित्राची काचसुद्धा युरेनियमच्या क्षाराजवळ ठेवली तर काळवंडते. अशा पदार्थाला तापवा, थंड करा, त्याच्या किरणोत्सारात फरक पडत नाही, तो याच कारणाने.

आता कोबाल्ट घ्या. साध्या कोबाल्टच्या केंद्रकात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात. ते स्वस्थ असते. अणुभट्टीत त्यात आणखी एक न्यूट्रॉन शिरला, की बेरीज ६० होते आणि केंद्रक अस्वस्थ होते. पुढे केव्हातरी त्यातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, कोबाल्टचे निकेल बनते, आणि उरलेली ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने निघून जाते.

हे ‘केव्हातरी’ म्हणजे कधी? एकट्या अणूविषयी कोणीच सांगू शकत नाही. पण मोठ्या समुदायातले निम्मे अणू ५.२७ वर्षांत बदलतात. यालाच अर्धायुष्य म्हणतात. शिक्षकांनी वर्गात फोडलेले शंभर चिंचोके घ्यावेत. ते टाकावेत, पांढरी बाजू वर आलेले काढून टाकावेत आणि उरलेले पुन्हा टाकावेत. दर खेपेला साधारण निम्मे उरतील. कोणता चिंचोका जाईल हे आधी सांगता येत नाही, पण किती जातील याचा अंदाज येतो. अर्धायुष्य मुलांना एवढ्याने कळते.

मग कांद्याचे काय होते? कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. कांद्यातला कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन घ्या. त्यांच्या नेहमीच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उपटून काढायला दहा दशलक्षाहूनही जास्त ऊर्जा लागते. म्हणजे हे किरण ओसरीवरचे इलेक्ट्रॉन उडवू शकतात, पण बळदाचे कुलूप त्यांच्याने निघत नाही. बळद शाबूत, म्हणून कांदा किरणोत्सारी होत नाही. कंदिलाचा उजेड तोंडावर पडला, म्हणून तोंडाचा कंदील होतो काय?

तरीही कोंब थांबतो तो कसा? कोंब जिथून फुटतो, तिथल्या पेशी वाढण्यासाठी सारख्या विभागत असतात. किरणांनी उडवलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे त्या पेशींतल्या जनुकद्रव्याचे धागे तुटतात आणि विभागणी थांबते. यासाठी मात्रा लागते साधारण ६० ते ९० ग्रे, म्हणजे किलोमागे फार तर ९० ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने किलोभर पाणी एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतकेच तापेल. कांदा शिजत नाही, तो यामुळे.

तर मग भीती कशाची बाळगायची? खुद्द कोबाल्टची! २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागात एका जुन्या उपकरणातला कोबाल्ट-६० भंगारात आला. तो मोडताना, हाताळताना माणसे भाजली आणि एकाचा जीव गेला. तेथे किरण सोडणारा पदार्थच माणसांच्या हाती लागला होता. लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट बंद नळ्यांत आणि जाड काँक्रीटच्या भिंतींआड असतो. कांद्याला लागतात ते किरण, कोबाल्टचा कणही नाही. हा भेद ज्याला कळला, त्याला निम्मा धडा कळला.

शेतकरी बंधूंनो, दोन गोष्टी गाठीला बांधा. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. ओला, दबलेला, जखमी कांदा सडायचा तो सडणारच. म्हणून सुकवणे, निवडणे आणि हवेशीर चाळ यांना पर्याय नाही. हे काम काढणीनंतर लवकर, कांदा सुप्तावस्थेत असतानाच करावे लागते. दुसरे असे, की बियाण्यासाठी लावायचा कांदा किरणांखाली कधीही देऊ नये. त्याला कोंबच फुटणार नाही, मग बी कुठले?

आपल्या देशात कांद्यावर अशी प्रक्रिया करायला १९९४ साली कायद्याने मुभा मिळाली. तसा कांदा घ्यावा की न घ्यावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र ते ‘अणू’ या शब्दाला भिऊन ठरवू नये. आणि गुरुजींनी पुढच्या खेपेला हा धडा शिकवताना फळ्यावर अणूचे चित्र काढण्याआधी वर्गात एक कांदा ठेवावा. प्रश्न मुलेच विचारतील.