शिक्षेनंतरची वसुली : निकालातली भरपाई हातात कशी पडते

फौजदारी न्यायालयाने गुन्हेगाराने पीडिताला भरपाई द्यावी असा आदेश दिला, तरी त्या दिवशी पीडिताच्या हातात फक्त निकालाची नक्कल येते. रक्कम प्रत्यक्ष मिळवणे हे वेगळे काम आहे. त्याची पद्धत कायद्यात सविस्तर सांगितलेली आहे, पण ती आपोआप चालत नाही. कोणीतरी अर्ज करावा लागतो, मालमत्तेची माहिती पुरवावी लागते आणि कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातो आहे की नाही याचा पाठपुरावा करावा लागतो.

भरपाईचे मूळ १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ मध्ये आली. त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले मात्र जुन्या संहितेनुसारच पुढे चालतात. या कलमात दोन वाटा आहेत. पहिलीत न्यायालय दंड ठोठावते आणि त्या दंडातूनच सर्व किंवा काही रक्कम पीडिताला देण्याचा आदेश करते. दुसरीत शिक्षेत दंडाचा भाग नसतो, तरीही नुकसान सोसलेल्या व्यक्तीला ठरावीक रक्कम द्यावी असे न्यायालय सांगू शकते. हा फरक महत्त्वाचा आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दंडाला मर्यादा असते. जुन्या संहितेत ती दहा हजार रुपये होती, नव्या संहितेत पन्नास हजार आहे. दुसऱ्या वाटेने दिलेल्या भरपाईला अशी रकमेची मर्यादा नाही.

पहिल्या वाटेने केवळ मूळ पीडितालाच नव्हे, तर फसलेल्या खरेदीदारालाही दिलासा मिळतो. समजा, मालवणच्या किनाऱ्यावरून एखाद्या होडीचे इंजिन चोरीला गेले आणि चोरीचे आहे हे ठाऊक नसताना वेंगुर्ल्याच्या कोणी ते योग्य किंमत देऊन विकत घेतले. मुद्देमाल म्हणून जप्त झालेले इंजिन मूळ मालकाकडे परत जाते. खरेदीदाराचे बुडालेले पैसे चोराच्या दंडातून देता येतात.

हे अधिकार न्यायालयांनी मोकळ्या हाताने वापरावेत असे सर्वोच्च न्यायालयाने ‘हरिसिंग विरुद्ध सुखबीरसिंग’ या १९८८ च्या निकालात सांगितले. तरी खालची न्यायालये भरपाईच्या कलमाकडे पाहतही नाहीत, हे महाराष्ट्रातून गेलेल्या ‘अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या अपिलात उघड झाले. २०१३ च्या त्या निकालाने दंडक घालून दिला : प्रत्येक दोषसिद्धीत न्यायालयाने भरपाईचा विचार केलाच पाहिजे आणि ती द्यायची किंवा नाकारायची कारणे नोंदवली पाहिजेत.

विचार करायचा तर न्यायाधीशापुढे दोन गोष्टी हव्यात : पीडिताचे नुकसान किती आणि गुन्हेगाराची ऐपत किती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘करण’ खटल्यात यासाठी निश्चित पद्धत आखली. दोषी ठरल्यावर आरोपीने मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि विधी सेवा प्राधिकरणाने चौकशी करून अहवाल द्यायचा. तो निकाल दिल्लीपुरता बंधनकारक आहे. महाराष्ट्रात फिर्यादीने हे काम सरकारी वकिलांमार्फत स्वतःच करणे शहाणपणाचे ठरते, आणि त्याची वेळ शिक्षेच्या प्रमाणावर सुनावणी होण्यापूर्वीची असते. दवाखान्याची बिले, बुडालेल्या मजुरीचा हिशेब, आरोपीच्या नावचे सातबारा आणि आठ-अ उतारे, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधली घराची नोंद, गाडीचा एमएच-०७ क्रमांक हे सगळे निकालाआधी अभिलेखावर आले, तर आदेशातली रक्कम हवेतली राहत नाही. ऐपतीबाहेरची मोठी रक्कम लिहिलेला आदेश पीडिताला क्षणभर समाधान देतो, पण पुढे वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावतो. वसूल होईल अशी रक्कम मागणे यात कमीपणा नाही.

रक्कम भरण्यासाठी न्यायालय मुदत देऊ शकते. शिक्षा केवळ दंडाची असेल, तर तीस दिवसांत सगळी रक्कम किंवा दोन-तीन हप्ते अशी सवलत कायद्यात आहे. हप्त्यांमधले अंतर तीस दिवसांहून जास्त असू नये. न भरल्यास भोगायच्या कैदेचा उल्लेखही निकालात असतो. गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही असतील, तर ही कैद त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त ठरवता येत नाही. पैसे भरले की ती संपते, काही भाग भरला तर त्या प्रमाणात कमी होते.

इथेच सर्वाधिक गैरसमज आहे. ‘जादा कैद भोगली, आता पैसे फिटले’ असे गुन्हेगार मानतोच, पण पीडितही मानतो आणि गप्प बसतो. कायदा तसे म्हणत नाही. सरकारजमा व्हायचा निव्वळ दंड असेल, तर पूर्ण जादा कैद भोगल्यावर विशेष कारणे नोंदवल्याशिवाय वसुलीचे वॉरंट निघत नाही. भरपाई मात्र या अडथळ्यातून वगळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ‘कुमारन विरुद्ध केरळ राज्य’ या धनादेशाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले : कैद भोगून झाली तरी भरपाई वसूल करता येते. दंडाच्या वसुलीची मुदत शिक्षेच्या तारखेपासून सहा वर्षे आहे. कैदच सहा वर्षांहून मोठी असेल, तर ती संपेपर्यंत. दोषी व्यक्ती मरण पावली तरी तिची मालमत्ता या देण्यातून सुटत नाही.

भरपाईची रक्कम दंडाप्रमाणेच वसूल होते आणि त्यासाठी शिक्षा देणारे न्यायालय दोन प्रकारचे वॉरंट काढू शकते. एक जंगम मालमत्तेच्या जप्ती-विक्रीचे. ते पोलिसांकडे जाते आणि पंचनामा करून वस्तू ताब्यात घेतल्या जातात. दुसरे जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे : ही रक्कम जमीन महसुलाची थकबाकी समजून स्थावर, जंगम किंवा दोन्ही मालमत्तांतून वसूल करा, असे. सिंधुदुर्गात हा कागद ओरोसच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून संबंधित तहसीलदारांकडे उतरतो. पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची पद्धत लागू होते, म्हणजे मागणीची नोटीस, जप्ती आणि लिलाव. महसुलाच्या थकबाकीदाराला अटक करण्याचा अधिकार त्या संहितेत असला, तरी फौजदारी न्यायालयाच्या या वॉरंटाखाली अटक किंवा कैद करता येत नाही, एवढा अपवाद फौजदारी प्रक्रियेच्या संहितेनेच घातला आहे.

कागदावर ही वाट सरळ दिसते. कोकणच्या जमिनीशी गाठ पडली की ती अवघड होते. मालवण तालुक्यातल्या एखाद्या सातबारावर आजोबा-पणजोबांच्या वारसांची दहा, वीस, कधी त्याहून अधिक नावे असतात. निम्मे मुंबईला, काही मरण पावलेले, काहींची वारसनोंदच झालेली नाही. वाटणी पिढ्यान्‌पिढ्या रखडलेली असते. अशा सामायिक जमिनीतला दोषी व्यक्तीचा अविभक्त हिस्साच तेवढा जप्त करता येतो. इतर हिस्सेदारांच्या हक्काला धक्का लावता येत नाही, आणि त्यांनी हरकत घेतली तर तिचा निर्णय आधी करावा लागतो. लिलावात तो हिस्सा घेणाऱ्याला प्रत्यक्षात विशिष्ट बांध किंवा विशिष्ट माड मिळत नाहीत. मिळतो तो वाटप मागण्याचा हक्क, म्हणजे आणखी एक दावा. भाऊबंदांच्या जागेत असा हिस्सा विकत घ्यायला गावातला माणूस पुढे येत नाही.

बाहेरचा माणूस यावा, तर कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही, आणि हा निर्बंध दिवाणी हुकूमनाम्याच्या तसेच महसुली थकबाकीच्या लिलावालाही लागू आहे हे त्या कलमातच लिहिलेले आहे. सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ इथल्या कबुलायतदार गावकार जमिनींचा प्रश्न तर आणखी वेगळा. तिथे कसणारा एक आणि सातबारावरचे नाव सरकारचे, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली. सारा न भरल्याने सरकारकडे गेलेल्या आकारीपड जमिनींचीही तीच रड. ज्याच्या नावावर जमीनच चढलेली नाही, त्याच्या जमिनीतून वसुली कशी करणार?

म्हणून लिलावापेक्षा बोजाची नोंद पुष्कळदा जास्त कामाची ठरते. तहसीलदारांच्या आदेशाने फेरफार होऊन सातबाराच्या इतर हक्कात रक्कम चढली, की पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला, कर्ज देणाऱ्या बँकेला ती दिसते. कोकणात जमिनीचे व्यवहार होतात तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. त्या वेळी हिस्सेदारच दोषी व्यक्तीला बोजा उतरवायला भाग पाडतात. लिलाव झालाच, तरी स्थावराची विक्री लगेच कायम होत नाही. तीस दिवसांच्या आत थकबाकी आणि खरेदीदाराला द्यायची ठरावीक जादा रक्कम भरून ती रद्द करून घेता येते. पीडिताच्या दृष्टीने यात तोटा नाही, कारण त्याला हवे असतात पैसे.

किनाऱ्यावरच्या माणसाची खरी संपत्ती मात्र बहुधा पाण्यावर असते. होडी, ट्रॉलर, इंजिन, जाळी ही जंगम मालमत्ता आहे. नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडे असल्याने मालक कोण हे तिथून कळते. नौका समुद्रात असताना जप्ती अवघड असते. १ जून ते ३१ जुलै या पावसाळी बंदीत ती किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असते, तेव्हा पंचनामा सोपा जातो. अडचण दुसरीच : यांत्रिक नौकांवर बहुधा बँकेचे किंवा सहकारी संस्थेचे कर्ज असते, आणि तारण घेणाऱ्याचा हक्क आधीचा असतो. रापणीसारख्या सामुदायिक मासेमारीत जाळे एकट्याचे नसते, तिथेही केवळ दोषी व्यक्तीच्या वाट्यालाच हात लावता येतो.

मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असली तरी वॉरंट निरुपयोगी ठरत नाही. गोव्यात नोंदवलेल्या गाडीसारखी जंगम मालमत्ता असेल, तर तिथल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांची पृष्ठांकित मान्यता मिळाली की जप्ती-विक्रीच्या वॉरंटाचा तिच्यावरही अंमल करता येतो. खटला सुरू असताना घर बायकोच्या किंवा मेव्हण्याच्या नावे करून टाकणे हा नेहमीचा डाव आहे. देणेकऱ्यांना बुडवण्यासाठी केलेले असे हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येते, पण त्यासाठी स्वतंत्र दिवाणी दावा लागतो.

या सगळ्या कष्टांशी तुलना करता एक टप्पा पीडिताला अधिक अनुकूल असतो, तो अपिलाचा. अपील दाखल झाले की दंडातून द्यायची भरपाई निकाल लागेपर्यंत थांबते, हे खरे. पण त्याच वेळी दोषी व्यक्ती शिक्षेला स्थगिती आणि जामीन मागत असते, आणि रक्कम न्यायालयात जमा करण्याची अट तेव्हा घालता येते. सुटकेची गरज असलेला माणूस जितक्या तत्परतेने पैसे उभे करतो, तितका तहसीलदारांच्या नोटिशीनंतर करत नाही. ही अट घालावी अशी विनंती सरकारी वकिलांनी केली पाहिजे, आणि करवून घेण्यासाठी पीडिताने त्यांना गाठले पाहिजे. दंडाधिकाऱ्यांच्या निकालावरील अपील ओरोसच्या सत्र न्यायालयात चालते. सत्र न्यायालयाच्या निकालावरील अपिलासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाल्यापासून सिंधुदुर्गची अपिले तिथे चालतात. घाट चढून एका दिवसात परत येता येते, ही पाठपुरावा करणाऱ्यासाठी लहान सोय नाही.

न वटलेल्या धनादेशांच्या खटल्यांत हा टप्पा कायद्यानेच बांधून दिला आहे. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असताना धनादेशाच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देता येते. दोषी ठरलेल्याने अपील केले, तर निकालातल्या दंडाच्या किंवा भरपाईच्या किमान वीस टक्के रक्कम जमा करण्याचा आदेश होऊ शकतो आणि ती फिर्यादीला उचलताही येते. पुढे निर्दोष सुटका झाली, तर मात्र व्याजासह परत करावी लागते. आंब्याच्या, मासळीच्या उधारीवर चालणाऱ्या या किनाऱ्यावर अशी प्रकरणे दंडाधिकाऱ्यांपुढे नेहमीची आहेत.

ठेवी गोळा करून पळालेल्या कंपन्यांच्या बाबतीत वसुलीची तऱ्हाच निराळी. १९९९ च्या महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली दोषसिद्धीची वाट न पाहता मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी तिचा ताबा घेतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने तिची विक्री करून रक्कम ठेवीदारांत वाटली जाते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने हे तत्त्व इतर गुन्ह्यांनाही लावले आहे. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता ठरली, तर जिल्हादंडाधिकाऱ्यांनी ती साठ दिवसांत बाधितांना प्रमाणशीर वाटायची आहे.

गुन्हेगाराकडे खरोखरच काही नसेल, तर त्याच्या तुरुंगातल्या कमाईकडे पाहावे लागते. कैद्यांच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये राज्यांना सुचवले होते. त्याहून भरवशाचा मार्ग राज्याच्या पीडित भरपाई योजनेचा आहे. गुन्हेगाराकडून मिळणारी भरपाई पुरेशी नसल्यास न्यायालय तशी शिफारस करते. आरोपी सापडलाच नाही, तर पीडिताला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो आणि चौकशी दोन महिन्यांत पूर्ण व्हायला हवी. महाराष्ट्राने ही योजना २०१४ मध्ये आणली. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांसाठीची मनोधैर्य योजना २०१३ पासून वेगळी आहे.

यांपैकी कशानेही नुकसान पूर्ण भरून निघाले नाही, तर दिवाणी दावा करता येतो. फौजदारी न्यायालयाने भरपाई दिली म्हणून तो अडत नाही. फक्त त्याच प्रकरणात आधी मिळालेली किंवा वसूल झालेली रक्कम दिवाणी न्यायालय हिशेबात धरते. दाव्यात मिळालेल्या हुकूमनाम्याची दरखास्त बारा वर्षांपर्यंत करता येते.