रक्त की वळण?

श्रोतेहो, ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो. ‘खाण तशी माती’ ही तिचीच बहीण. दोन्हींचा रोख एकच, की माणूस घडूनच जन्माला येतो. ह्या समजुतीची आज थोडी पारख करू.

तान्ह्या मुलापासूनच सुरुवात करू या. आपल्याला ‘ट’ आणि ‘त’ सहज निराळे ऐकू येतात. इंग्रजी माणसाला मात्र त्यांतला फरक ओळखणे जड जाते. त्याचा कान काय वेगळ्या मातीचा असतो? मुळीच नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्या संशोधकांनी १९८४ साली आपला एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी हिंदीतले हे आवाज कॅनडातील इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना कळला. म्हणजे मूल बोलू लागण्यापूर्वीच घर त्याला घडवू लागलेले असते.

जे भाषेचे, तेच वागण्याचे. वडीलधाऱ्यांसमोर कसे बसावे, कोणाला ‘अहो’ म्हणावे, कशाची लाज धरावी, हे मूल पुस्तकातून शिकत नाही. ते पाहते, चुकते, आईने वटारलेले डोळे बघते आणि शिकते. समाजशास्त्रात ह्याला सामाजीकरण म्हणतात. आपला साधा शब्द ‘वळण’. हे वळण इतके मुरते की पुढे तेच रक्त वाटू लागते. आणि वळणाला रक्त म्हटले, की अन्यायाला वाट मिळते.

आपल्याच देशाचा दाखला घ्या. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ साली तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, भामटा अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. नावनोंदणी, पोलिसांकडे हजेरी, कित्येकांना तारेच्या कुंपणातली वसाहत! आता गंमत पाहा. त्याच कायद्यात ह्या जमातींच्या मुलांना आईबापांपासून वेगळे काढून शाळेत ठेवण्याचीही तरतूद होती. अहो, खोट जर रक्तातच असेल, तर शाळा कशाला? कायदा करणाऱ्यांनाही मनातून ठाऊक होते, की माणूस वळणाने घडतो.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पण कागदावरचा शिक्का पुसला तरी मनातला पुसायला वेळ लागतो. ‘उचल्या’ हे लक्ष्मण गायकवाडांचे आत्मकथन १९८७ साली आले, ते ह्याच शिक्क्याखालच्या जगण्याची हकिकत सांगत.

अंगचे काही नसतेच, असे मी म्हणत नाही. उंची, वर्ण, थोडाफार स्वभावही जन्माबरोबर येतो. पण चोरी की पोथी, हे काही पाळण्यात ठरत नाही.

म्हणून गुरुजनांना एक विनंती. वर्गात पेन्सिल हरवली, की आपली नजर आधी कोणाकडे वळते, हे एकदा तपासून पाहा. रोज एकाच मुलाकडे ती वळत असेल, तर त्यालाही वळण लागते आहे, आणि ते आपण लावतो आहोत. उद्या त्याच्याच हाती खडूची पेटी द्या, हजेरीपट आणायला त्यालाच पाठवा. विश्वास हाही एक संस्कारच आहे, श्रोतेहो; आणि तो पहिल्यांदा मोठ्या माणसाने टाकावा लागतो.