गाठीतील प्राणवायू आणि रोजचा शेक

घशाच्या, तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी किरणोपचार, म्हणजे बोलीभाषेतील 'शेक', सुचवला गेला की कुटुंबीयांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो : "डॉक्टर, शेक द्यायचाच आहे, तर एकदाच मोठा देऊन मोकळे का करत नाहीत? सहा-सात आठवडे म्हाताऱ्या माणसाची ओढाताण कशासाठी?" काष्टीसारख्या गावातून त्यासाठी पुण्याला किंवा अहिल्यानगरला जावे लागते, तेव्हा हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे एक उत्तर सर्वांना पटते. मात्रा थोडी थोडी दिली की भोवतालच्या निरोगी पेशींना रोज सावरायला वेळ मिळतो. दुसरे उत्तर मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते गाठीतील प्राणवायूत दडलेले आहे.

किरण पेशीत शिरले की तेथील पाण्याच्या रेणूंपासून अतिशय चंचल कण तयार होतात आणि ते पेशीच्या डीएनएला इजा करतात. जवळ प्राणवायू असेल, तर ही इजा कायमची होते. तो नसेल, तर इजेचा बराचसा भाग भरून निघतो आणि पेशी तगते. म्हणूनच प्राणवायूविना असलेली पेशी मारायला सुमारे अडीच ते तीनपट मात्रा लागते. तेवढी मात्रा निरोगी शरीराला सोसत नाही.

प्राणवायू गाठीत कमी का पडतो? १९५५ साली ब्रिटनमधील थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावर त्यांना पेशी मेलेल्या आढळल्या. प्राणवायू त्यापलीकडे पोहोचतच नव्हता. मेलेल्या आणि धडधाकट पेशींच्या सीमेवर मात्र काही पेशी अर्धपोटी जगत असतात. चिवट ठरतात त्या याच. किरणांची मात्रा ज्या 'ग्रे' या एककात मोजतात, ते याच ग्रे यांच्या नावावरून पडले आहे.

आपल्या श्रीगोंदा तालुक्यातील वाचकांना हे समजायला कालव्याचा दाखला पुरेसा आहे. आवर्तन सुटले की वरच्या अंगाची शेते आधी भिजतात आणि टेलचा शेतकरी वाट पाहत राहतो. वरच्यांची गरज भागली, की पाणी खाली सरकते. गाठीतही असेच घडते. पहिल्या मात्रांनी रक्तवाहिनीजवळच्या, प्राणवायूने भरल्या पेशी मरतात. त्यांची प्राणवायूची मागणी थांबते आणि तो आतल्या उपाशी पेशींपर्यंत पोहोचू लागतो. पुढची मात्रा येते, तेव्हा काल चिवट असलेल्या काही पेशी आज किरणांच्या तावडीत सापडतात. एकदाच मोठी मात्रा दिली, तर ही संधी मिळत नाही.

कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. त्यावर ९८ आकडा दिसला की आपण निश्चिंत होतो. तो आकडा रक्तातील प्राणवायूचा आहे, गाठीतील नव्हे. रक्त भरलेले असले तरी गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. म्हणून घरी सिलिंडर आणून नाकाला नळी लावल्याने या कामात लाभ होत नाही. दम लागत असेल, तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

मग आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, बिडी-सिगारेट पूर्ण बंद. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे प्राणवायूला जागाच उरत नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात, उपचार चालू असताना धूम्रपान करणाऱ्या डोके व मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी ३९ टक्के दोन वर्षांनी हयात होते. न करणाऱ्यांपैकी ६६ टक्के. तंबाखू आणि मशेरीही सोडावी. त्यांनी तोंडातील जखमा चिघळतात.

दुसरी गोष्ट, हिमोग्लोबिन. ते कमी असलेल्या रुग्णांत किरणोपचाराचे फळ कमी मिळते, असे वारंवार दिसले आहे. म्हणून तपासणी चुकवू नये आणि आहार सांभाळावा. मात्र रक्त वाढवण्याची इंजेक्शने स्वतःहून घेऊ नयेत. एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनाने डोके व मानेच्या रुग्णांत उलट हानी झाल्याचे २००३ च्या एका चाचणीत आढळले. जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत. किरणांनी निर्माण केलेल्या कणांनाच त्या निकामी करू शकतात.

तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट, खंड नको. लग्न, ऊसतोड, यात्रा ही कारणे आपल्याला मोठी वाटतात. गाठ मात्र थांबत नाही. उरलेल्या पेशी त्या काळात वेगाने वाढतात. डोके व मानेच्या कर्करोगात ठरल्यापेक्षा लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने घटते. यंत्र बिघडले किंवा ताप आला, तर बुडालेली मात्रा कशी भरून काढायची हे त्याच दिवशी विचारावे.

वैद्यकशास्त्रही या अडचणीवर मार्ग शोधत आहे. डेन्मार्कमध्ये निमोराझोल नावाचे औषध किरणांसोबत देतात. प्राणवायू नसलेल्या पेशीत ते काही अंशी त्याचेच काम करते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घशाची गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण त्यामुळे ३३ वरून ४९ टक्क्यांवर गेले. इतरत्र ते अजून सर्वमान्य झालेले नाही. आपल्याकडे किरणांसोबत बहुधा सिस्प्लॅटिन देतात; तेही पेशींना किरणांपुढे हळवे करते. पण मूत्रपिंड किंवा कान कमकुवत असलेल्या ज्येष्ठांना ते झेपत नाही. अशा ३५६ रुग्णांवर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोसेटॅक्सेल वापरून पाहिले. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर गेल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा "वय झाले आहे, नुसता शेक पुरे" असे घरीच ठरवू नये, पर्याय विचारावा.

घरच्यांना एक सांगणे. उपचार सुरू होण्यापूर्वीच राहण्याची सोय पाहावी. टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे. इतर ठिकाणी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार येतो, तर रेल्वेत कर्करुग्ण आणि सोबत्याला सवलत आहे. कागद आधी तयार ठेवावेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलते, गिळवत नाही आणि "आता पुरे" असे रुग्ण म्हणतो. त्या दिवसांत पातळ पेज, ताक आणि वेदनाशामक औषध यांनी त्याला सावरावे व दुसऱ्या दिवशी वेळेवर यंत्राखाली न्यावे. आतल्या पेशींची पाळी तेव्हाच आलेली असते.