दोन थेंबांची परीक्षा

दुर्ग-भिलाईच्या जोडनगरीतील बोरसी ही वस्ती ज्या पोलाद कारखान्यापासून फार दूर नाही, त्याची पहिली झोतभट्टी सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभी राहून ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. दल्ली-राजहराच्या खाणींतील हेमाटाइट, म्हणजे लोहाचे ऑक्साइड, तेथे कोक व चुनखडीसह तापते आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातील प्राणवायू हिरावून घेऊन लोह मोकळे करतो. परंतु ज्या लोहासाठी एवढा अवाढव्य खटाटोप, त्याची ओळख पटवावयाची म्हटली, तर बोरसीच्या विद्यार्थ्याला वीतभराहूनही आखूड अशी एक परीक्षानळी पुरते.

या नळीचे सारे सामर्थ्य तिच्या अल्पतेत आहे. स्वीडनचा बर्झेलियस आणि इंग्लंडचा फॅरेडे यांच्या काळात अशा नळ्या रसायनशाळेत रुळल्या, आणि फॅरेडेने १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगविधीच्या ग्रंथात त्यांच्या उपयोगाला आवर्जून स्थान दिले. द्रव्य थोडे, खर्च थोडा, धोकाही थोडा. आणि काच पारदर्शक असल्यामुळे आतील रंग, अवक्षेप, बुडबुडे यांची साक्ष डोळ्यांसमोर.

तापमानाच्या चढउतारात काच तडकू नये, ही मात्र जुनी अडचण. तापलेला भाग प्रसरण पावतो, शेजारचा थंड भाग त्याला अडवतो, आणि त्या ओढाताणीत काच फुटते. जर्मनीत ओट्टो शॉट याने बोरॉनचे ऑक्साइड मिसळून सिद्ध केलेली बोरोसिलिकेट काच साध्या काचेच्या सुमारे एक-तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून आचेवरच्या नळीसाठी तीच पसंत होते. आपल्याकडे काचधंद्याची उमेद धरून लोकांकडून पैसा-पैसा जमविणाऱ्या पैसाफंडाने तळेगावी १९०८ साली काच कारखाना काढला. थोड्या-थोड्यातून मोठे काम उभे करण्याचा तोही एक प्रयोगच होता.

नळी हाताळण्याचे नियम काटेकोर असले, तरी प्रत्येकामागे कारण आहे. द्राव एक-तृतीयांशाहून अधिक घेऊ नये, कारण उकळताना त्याला उसळी मारायला जागा हवी. चिमट्याने नळी तोंडाजवळ धरावी, तिरकी ठेवून ज्योतीत हळूहळू फिरवावी आणि तिचे तोंड कोणाही माणसाकडे, स्वतःकडेसुद्धा, रोखू नये. एकाच ठिकाणी आच लागली, तर तळाशी अकस्मात वाफ होऊन उकळता द्राव पिचकारीसारखा बाहेर फेकला जातो. अंगठ्याने तोंड दाबून नळी हलवू नये, आणि वास घ्यायचाच तर हाताने वारा नाकाकडे वळवून दुरूनच घ्यावा.

आता लोहाची शहानिशा. लोखंडाच्या किसावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घातले, की हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि फिकट हिरवट द्राव तयार होतो. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घातले, की मळकट हिरवा अवक्षेप बसतो. नळी तशीच ठेवली, तर हवेतील प्राणवायूने तो वरून तपकिरी होऊ लागतो. गंजाचे कण आम्लात गरम करून केलेल्या द्रावातून मात्र तांबूस तपकिरी अवक्षेप प्रथमपासूनच येतो, आणि त्याच द्रावाच्या वेगळ्या काढलेल्या भागात पोटॅशियम थायोसायनेटचे दोन थेंब पडताच तो रक्तासारखा लाल होतो. एकाच धातूच्या दोन अवस्था येथे केवळ रंगावरून निराळ्या ओळखू येतात. भट्टी जे ऑक्साइड मोडते, तेच हवा पुन्हा कसे घडवू पाहते, हेही दिसते.

म्हणूनच फळ्यावरील समीकरणावर किंवा गुरुजींच्या एकट्याच्या प्रात्यक्षिकावर वर्गाची बोळवण करणे न्याय्य नव्हे. रसायन इतके थोडे लागते, की ते प्रत्येक मुलाच्या वाट्याला येऊ शकते. डोळ्यांवर चष्मा आणि समोर शिक्षक असले, की नळी त्याच्या हाती सोपवावी, आणि निष्कर्ष त्याचा त्यालाच लिहू द्यावा.